दर्शनी बॅटरी

गाडी चालू आहे की बंद, हे ठरवण्याचा अधिकार इंजिनाला नसतो. तो सोसायटीच्या कमिटीला असतो. इंजिन ही शेवटी यांत्रिक वस्तू. ते भावनेच्या भरात सुरू होऊ शकतं. कमिटी भावनेच्या भरात कधीच सुरू होत नाही. (कुठल्याच भरात होत नाही.)

मुलुंड पूर्वेच्या सहजीवन सोसायटीत हे सत्य सर्वांना मान्य होतं. फ्लॅट अठ्ठावन्न, पार्किंगच्या जागा एकोणीस, प्रतीक्षायादीत एकतीस जण. त्यातले दोघे प्रतीक्षा करता करता वारले, पण नंबर सोडला नाही. इथं माणसाला गाडी दुसरी मिळते, नोकरी दुसरी मिळते, नशिबात असेल तर किडनीसुद्धा दुसरी मिळते. जागा दुसरी मिळत नाही.

म्हणून बंद गाड्या हटवण्याचा नियम झाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहाला, प्रत्येक गाडीची तपासणी. बंद सापडली की जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. त्यासाठी छापलेल्या फॉर्मात तीन रकाने होते: टायर चार आहेत काय; पुढची काच आहे काय; बॉनेट उघडून बॅटरी दिसली काय. (गाडी सुरू होते काय, असा रकाना नव्हता. सुरू केली की धूर होतो, म्हणून तो वगळला होता.)

अकरा नंबरच्या जागेवर कुंडलिक खंडारेची गाडी उभी असे. कुंडलिक मूळचा वाशिमचा, बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीत. गाडी सोळा वर्षांची. बॉनेटचं लॉक तुटलेलं, आणि तसलं लॉक आता बाजारात मिळत नाही. त्यामुळे आठ महिन्यांत तीन बॅटऱ्या चोरीला गेल्या. कमिटीनं तातडीनं दखल घेऊन गेटवरचा कॅमेरा नोटीस बोर्डाकडे वळवला. (बॅटरी नवी आणता येते. फाडलेल्या नोटिशीची झेरॉक्स पुन्हा कमिटीलाच काढावी लागते.)

डिकीचं लॉक मात्र ठणठणीत होतं. कुंडलिकनं ठरवलं, बॅटरी डिकीत हलवायची.

"आणि माझे वाघ कुठं ठेवू?" चेतनानं विचारलं. चेतना म्हणजे कुंडलिकची बायको. शाळांच्या गॅदरिंगला ड्रेपरी भाड्यानं देण्याचा तिचा धंदा, आणि तो सगळा त्या डिकीतून चालतो.

"वाघ मागच्या सीटवर बसतील."

"अहो, ॲसिड लागलं तर? मावळ्याच्या पगडीला भोक पडलं होतं, तर त्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला भर स्टाफरूममध्ये धुतलं."

"म्हणून तर नीट करतोय गं. जुगाड नाही करत."

आणि त्यानं ते खरंच नीट केलं. तारेला माणसं लोंबकळत असतात याची सवय असलेला माणूस. पाच खबरदाऱ्या घेतल्याशिवाय त्यानं पाना खाली ठेवला नाही. आधी बॅटरी पत्र्याला पट्टीनं अशी आवळली, की गाडी उलटली तरी ती जागची हलू नये. (सोसायटीतल्या फार थोड्या पदाधिकाऱ्यांना इतकं घट्ट बसता येतं.) मग तिच्यावर गॅस बाहेर जायला नळी असलेला झाकणाचा डबा घातला, म्हणजे वाघांना ठसका लागायला नको. त्यानंतर अंगठ्याएवढी जाड केबल गालिच्याखालून, पत्र्यातून ओवली तिथं रबरी बुश घालून, पुढं नेली. आणि शेवटी अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्याला बोल्टनं पक्कं केलं.

रविवारी सेक्रेटरी नितेश परब फॉर्म घेऊन आला. सोबत धाकूकाका. काका गिरणीतून निवृत्त, वय एकोणऐंशी, तपासणीचे कायमचे प्रमुख, कारण टॉर्च त्यांचा.

कुंडलिकनं किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू.

"बंद करा, बंद करा, धूर होतो," नितेश म्हणाला. "बॉनेट उघडा."

धाकूकाकांनी आत टॉर्च मारला. "माका काय बॅटरी दिसना नाय."

"काका, ती डिकीत आहे. मागं या ना."

"मागचा रकाना नाही," नितेश म्हणाला.

"अरे, आत्ता सुरू झाली ना गाडी! आवाज आला ना तुला?"

"आला. पण बॅटरी नाही म्हणजे गाडी बंद. आणि बंद गाडी आवाज करते, हे तर जास्तच सीरियस आहे, कुंडलिकभाऊ."

नोटीस लागली: गाडी पुढच्या तपासणीपर्यंत चालू न झाल्यास जागा क्रमांक अकरा रिकामी करावी. यादीत पहिला असलेला सुबोध त्याच संध्याकाळी मोजपट्टी घेऊन खाली उतरला. कुंडलिक मात्र त्या बंद गाडीतून रोज भांडुपला कामाला जात होता. एकदा घाटकोपरहून येताना सेक्रेटरीलाही घेऊन आला. नितेश पुढच्या सीटवर बसला, एसी वाढवायला सांगितला, आणि विक्रोळीच्या सिग्नलला नोटिशीची आठवण करून दिली.

कुंडलिकनं अर्ज केला: फॉर्ममध्ये 'किंवा डिकीत' एवढे दोन शब्द घालावेत. उत्तर आलं: फॉर्म बदलायला सर्वसाधारण सभा लागते. ती सप्टेंबरात. (तेव्हा नोव्हेंबर चालू होता.)

"गेली जागा," कुंडलिक म्हणाला. "वाट लागली."

"गेली म्हणजे? माझ्या अकरा शाळा काय रिक्षातून करू?" चेतनानं हातातलं शेपूट खाली ठेवलं. "अहो, मी शाळेला खरा वाघ देते का? वाघासारखं दिसतं ते देते. तुमच्या कमिटीला बॅटरी हवीय, की बॅटरी दिसायला हवीय?"

गॅदरिंगच्या तोफेतून उरलेला पुठ्ठा, काळा रंग, बाटल्यांची दोन बुचं: एक लाल, एक काळं. तासाभरात बॅटरी तयार. कुंडलिकनं सुरक्षेपोटी एकच अट घातली: इंजिन गार असताना दहा वीसला ठेवायची, अकराला काढायची.

पुढच्या तपासणीच्या रविवारी धाकूकाका बॉनेटमध्ये वाकले आणि गहिवरले. "हेका म्हणतत बॅटरी! आताशा असो माल मिळना नाय."

नितेशनं टिक मारली. गाडी चालू झाली. जागा वाचली.

बातमी मजल्यामजल्यानं पसरली. चेतनाकडे सात ऑर्डरी आल्या. जानेवारीच्या तपासणीत सहजीवनच्या इतिहासात प्रथमच एकोणीसपैकी एकोणीस गाड्या चालू निघाल्या. त्यातल्या सहा लॉकडाऊनपासून हललेल्या नाहीत; एकीत कबुतरानं दोनदा पिल्लं काढली. सुबोधकडे गाडी नाही, पण त्यानं बॅटरी सांगून ठेवली आहे.

वाचकांनी खुशाल हसावं. पण वर कुंडलिकनं पाच खबरदाऱ्या घेतल्या असं लिहिलंय. मोजा. चारच आहेत. पाचवी म्हणजे फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तो नसला आणि केबल कुठं घासली, तर गाडी वाघांसकट पेटते. कुंडलिकनं तो सगळ्यात आधी बसवला. आम्हीच लिहिला नाही. तुम्ही 'पाच' वाचलंत, मनात टिक मारलीत आणि पुढं गेलात.

धाकूकाका पुढच्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताहेत. तपासणी प्रमुखाची जागा रिकामी होतेय. तुम्ही या. टॉर्च तेवढा घरून आणा.