मेंढी योजनेचा उतारा

परीक्षा तोंडावर आली आणि तनुजाची पंचाईत झाली. शॉर्टहँडच्या सरावासाठी मोबाईलवर होते नव्हते ते सगळे उतारे तिला तोंडपाठ झाले होते. मोबाईलवरचा आवाज "सन्माननीय" म्हणायच्या आत तिची पेन्सिल "अध्यक्ष महाराज"वर पोचलेली असायची. गेल्या खेपेला अनोळखी आवाज कानावर पडताच हात आखडला आणि ती नापास झाली होती. आता नापास झाली तर गुमान गावी, कन्नडला परत यायचं, असं आईनं बजावलं होतं.

म्हणून तिनं सरकारी भाषेत स्वतःच नवा उतारा रचला आणि वडिलांच्या हाती दिला. मुंजाबा आता शहरात वॉचमन होता, पण अर्धं आयुष्य डोंगरात मेंढ्यांमागं गेलेलं. वाचायचा घडाघडा, हळू बोलणं मात्र त्याला ठाऊकच नव्हतं. मुकुंदवाडीतल्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर उभं राहून त्यानं सुरू केलं, "शासनाने मेंढपाळ कुटुंबांना प्रत्येकी वीस मेंढ्या विनामूल्य देण्याचे ठरविले असून पात्र लाभार्थ्यांनी आधार कार्डासह तत्काळ अर्ज करावेत."

उतारा संपतो न संपतो तोच शेजारची अंबिका आधार कार्ड घेऊन जिन्यात हजर.

"मुंजाबाभाऊ, अर्ज कुठं द्यायचा?"

"काकू, ते माझ्या परीक्षेचं हाय," तनुजा म्हणाली.

"व्हय व्हय, परीक्षेचं." अंबिका शहाण्यासारखी हसली आणि घरी जाऊन तिनं बिडकीनच्या भावाला, कारभारीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बिडकीनहून जीप भरून पाहुणे आले, दुपारी कन्नडहून आणखी एक जीप. मुंजाबानं तिथंच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण जीपमधून उतरून कुणी आधी त्याच्या पाया पडावं, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. "बसा, च्या घ्या, बघू काय करता येतं," तो म्हणाला. असली योजनाच नाही, हे तनुजा घसा कोरडा पडेपर्यंत सांगत राहिली.

"नाय म्हणती म्हंजे हायच," कारभारी म्हणाला. "आपल्या माणसांसाठी दाबून ठेवली."

शेवटी तिनं दुसरा उतारा लिहिला आणि मुंजाबानं तो पाहुण्यांपुढं त्याच आवाजात वाचला. "अपरिहार्य कारणास्तव सदर योजना रद्द करण्यात येत आहे." यावर मात्र एकानंही शंका काढली नाही. सरकारी योजना रद्द होते, हे सगळ्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मंडळी चहा संपवून मुकाट निघून गेली आणि तनुजानं सुटकेचा निःश्वास टाकला.

परीक्षेच्या सकाळी बापलेकीची रिक्षा एका सरकारी कचेरीसमोर अडकली. रस्ताभर मोर्चा होता. "रद्द केलेली मेंढी योजना," कारभारी ओरडायचा, आणि लोक म्हणायचे, "चालू करा." परीक्षा केंद्राचं फाटक बंद व्हायची वेळ होत आली होती. तेवढ्यात कारभारीनं मुंजाबाला पाहिलं आणि रिक्षातून ओढून खांद्यावरच घेतलं.

"योजना रद्द झाल्याचं सगळ्यात आधी यालाच कळलं. आपला पुढारी हाच."

पुढाऱ्यानं खांद्यावरूनच डोंगरातला ठेवणीतला आवाज काढला, "पोरीच्या रिक्षाला वाट द्या." गर्दी निमूट बाजूला झाली.

परीक्षेतला आवाज अनोळखीच होता. पण दोन जीपभर माणसं एकदम बोलताना ऐकून आलेल्या तनुजाला तो भलताच सभ्य वाटला. हात एकदाही अडला नाही. उतारा टाईप करून ती बाहेर पडली तेव्हा आनंदानं तिला रडू येत होतं.

फाटकाबाहेर मुंजाबा गळ्यात हार आणि हातात उसाच्या रसाचा ग्लास घेऊन उभा होता.

"कसा गेला पेपर?"

"लई भारी, बाबा. तुमचं काय झालं?"

"साहेब हात जोडून बाहेर आले. म्हणले, योजना बंद करायला नको होती, चूक झाली. पुढच्या म्हैन्यापासून चालू करतो."

तनुजा मटकन पायरीवर बसली.

"फक्त मूळ आदेश त्यांच्या हापिसात कुणाला सापडंना," मुंजाबा खाली वाकून तिच्या कानात म्हणाला. "संध्याकाळपर्यंत आणून देतो म्हणलो मी." त्यानं रसाचा ग्लास पुढं केला. "एवढं पी अन् टाईपाला बस. घाई नाय, चुका तेवढ्या करू नको."