लंगडीची हजेरी

आमच्या शेजारच्या क्वार्टरातले खापरेकाका पाखरांची हजेरी घेत. दारूगोळ्याच्या कारखान्यात ते माल तपासायचे. त्यामुळे काहीही समोर आलं की एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "रिजेक्ट." भाजीवाल्याची वांगी रिजेक्ट, सदर बाजारातली जिलेबी रिजेक्ट. मुलीकडचे त्यांच्याकडे माझी चौकशी करायला आले, तेव्हा मीही थोडक्यातच वाचलो.

ऑक्टोबर लागला की मागच्या अंगणात खुर्ची टाकून ते रजिस्टर उघडत. उत्तरेकडून आलेल्या पाखरानं आधी त्यात चढायचं, मग किडे खायचे. मलाही नाद लागला. एकदा परदेशी पाहुणा आल्याची वर्दी घेऊन मी धावत गेलो. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हा सातभाई आहे बाप्पा. बारा महिने तुझ्याच पेरूखाली भांडून राहिला."

सगळ्या पाखरांत मान एका धोबिणीला. काळी-पांढरी, शेपूट नाचवत चालणारी, उजव्या पायानं लंगडी. काकू नळाशी धुणं धुवायच्या, तेव्हा ती ओल्या फरशीवर त्यांच्या पायांपाशी फिरायची. दरसाल दसऱ्याच्या आत हजर.

लढाईच्या वर्षी काकू खाटेला खिळल्या. ब्लॅकआउटसाठी काचांवर काळे कागद डकवलेले, त्यामुळे खाटेवरून अंगण दिसेना. "लंगडी आली का मी उठते," म्हणायच्या. दिवाळी उलटली, लंगडी आली नाही. काकूंनी जेवणही टाकलं.

काका ओव्हरटाइमला गेले की अंगणावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी ठरवलं, आपणच लावू तिची हजेरी. मीही त्याच कारखान्यात; घरी झोपून राहिलेल्या दोस्ताचं हजेरीचं टोकन गेटवर टाकण्यात माझा हात चांगला बसलेला होता. मग एका पाखराचं काय कठीण?

संध्याकाळी काका सायकलवरून उतरले तसं मी सांगितलं, "काका, आली. नळापाशी होती."

"लंगडत होती?"

"चांगलीच. डाव्या पायानं."

जीभ घसरली आणि चूक कळली. काकांनी डोळा बारीक केला. गोळ्याच्या कवचातली केसभर चीर पकडणारा तो डोळा. आता मी रिजेक्ट, हे नक्की.

पण काका सायकल भिंतीला टेकवून वळले. दाराशी जाऊन आत वाकले.

"ऐकलं का? आली तुझी लंगडी."

आतून बारीक आवाज आला, "खरंच? उजवाच पाय ना हो?"

"उजवाच. मी स्वतः पाहून राहिलो ना."

मग काकूंनी पेज मागितली. ती काकांनीच केली, चमच्यानं भरवली, वाटी धुऊन ठेवली.

परत बाहेर येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं. मी हळूच डोकावलो. लंगडीच्या नावापुढचा रकाना कोराच होता. तो त्यांनी तसाच ठेवला आणि खुर्ची नळाकडे वळवून, उजेड होता तोवर बसून राहिले.