वामनभाऊंच्या दोन सायकली

आमच्या कचेरीत कागदपत्रांच्या नकला देण्याचं काम करणारे वामनभाऊ सोमवारी एका सायकलवर येत आणि मंगळवारी दुसरीवर. बुधवारी पुन्हा पहिली. सत्तरच्या दशकातल्या वाशीममध्ये एक सायकल असली तरी माणसाचं बरं चाललंय असं समजत. यांच्याकडे दोन, आणि घरात माणूस एक. बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

एक सायकल सरळ हँडलची, उंच, मागे भक्कम कॅरिअर. दुसरी घडीची. ती एका किराणा व्यापाऱ्याच्या मुलानं हौसेनं मुंबईहून आणली आणि महिन्याभरात कंटाळून वामनभाऊंच्या गळ्यात मारली. चाकं लहान, मधोमध एक कडी. कडी सोडली की सायकल दुमडायची. वामनभाऊ ती टेबलाखाली सारत आणि नक्कल मागायला आलेला प्रत्येक माणूस तिच्यावर ठेचकाळत असे.

‘‘भाऊ, कोनती बरी?’’ असं रोज कोणीतरी विचारायचंच.

‘‘घाईत निकाल नाई द्याचा, राजेहो. तपास चालू हाय.’’

आणि तपास खरोखर चालू असायचा. ‘‘बाजाराच्या गल्लीत घडीची बरी. गाय आडवी आली तरी वळते. पन खड्डा आला का पोटातलं पानी हालते.’’ दुसऱ्या दिवशी दुसरीची पाळी. ‘‘सरळ हँडलवर मानूस ताठ बसते, चढ लागत नाई. पन उभी कुठी कराव? जीव सारा सायकलपाशी.’’ हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की जणू साहेबांनी त्यांच्याकडे अहवालच मागवला आहे.

त्यांची टर उडवण्यात मी पहिला. एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘भाऊ, दोन दोन सायकली सांभाळता, एक बायको काहून नाई सांभाळता आली?’’ सगळे हसले. वामनभाऊही हसले. मग कप तसाच ठेवून फडताळात काहीतरी शोधायला उठले आणि बराच वेळ शोधत राहिले. ते मला दिसलं होतं. तरी मी हसतच होतो.

पुढे एकदा केनवडकडचा एक शेतकरी नक्कल घ्यायला आला. वामनभाऊंना ओळखून म्हणाला, ‘‘तुमचे सासरे गेले ना भाऊ. पंधरा दिवस झाले. तुमाले कोनी सांगतलं नाई?’’ वामनभाऊंनी नक्कल त्याच्या हातात दिली, सही कुठे करायची ते दाखवलं आणि पुढचा अर्ज उचलला.

त्या संध्याकाळी ते माझ्या घरी आले, ओट्यावर बसले. पाणी प्यायले आणि विचारलं काय, तर, ‘‘सासुरवाडीले जाव म्हंतो. केनवडच्या स्टँडवरून आत अडीच कोस हाय. कोनती सायकल नेऊ?’’

मी म्हणालो, ‘‘घडीची न्या. एस्टीत सीटखाली मावते. ते दुसरी टपावर चढवा लागते, कंडक्टर बोंबलते.’’

‘‘जाताना घडीचीच बरी,’’ ते म्हणाले. ‘‘पन येताना? तिले बसवाले कॅरिअर नाई.’’

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो. ते सांगू लागले.

‘‘चार दिवसाले म्हनून गेली होती, सात वर्स झाले. मी म्हनो, येईन तिची ते. त्याइच्याकडं रीत अशी, का सासरचं कोनी घ्याले आल्याबिगर लेक धाडत नाईत. मले सांगाले घरात मोठं कोनी नोतं. समजलं तवा वर्स होऊन गेलं होतं. मंग लाज वाटे. आज जाऊ, उद्या जाऊ. मंग म्हटलं, पयले सायकलचं ठरू दे.’’

इतकी वर्षं हा माणूस गावात सायकली फिरवून केनवडच्या रस्त्याचा हिशेब लावत होता, आणि आम्ही टाळ्या देत होतो. मला माझीच लाज वाटली.

शनिवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. वामनभाऊ सरळ हँडलची घेऊन आले होते. कॅरिअरवर गोधडीची चौपदरी घडी सुतळीनं बांधलेली. कंडक्टर बोंबललाच. आम्ही दोघांनी मिळून सायकल टपावर चढवली.

सोमवारी ते वेळेवर कामावर हजर. मी दुपारपर्यंत दम धरला, मग विचारलं.

‘‘भेटली,’’ ते म्हणाले. ‘‘चहा देल्ला. म्हने, तुमी तवा काहून नाई आले? म्हने, दोन वर्स मी पेटी भरून ठेवली होती. आता बाप गेला, मायले डोयानं दिसत नाई. तिले कोनाच्या भरवशावर टाकू?’’ मग टाक पुसत म्हणाले, ‘‘खरं हाय तिचं. मी काय बोलू?’’

सुटी झाल्यावर त्यांनी मला सायकलपाशी नेलं. त्या उंच सायकलचं हँडल माझ्या हातात दिलं. गोधडी अजून तशीच बांधलेली होती.

‘‘हे तुमी वापरा.’’

‘‘अन् तुमी?’’

‘‘मले घडीची पुरते. तुमच्या घरी मांगं बसाले मानूस हाय.’’

मी सायकल घेतली आणि निघालो.

घरी आल्यावर बायको कौतुकानं सायकलभोवती फिरली. ‘‘बसवा ना मले एक डाव,’’ म्हणाली. मी तिला मागे बसवलं. तिला पोस्टाच्या अंगानं देवळाकडे जायचं होतं, तोच जवळचा रस्ता. पण त्या रस्त्यावर वामनभाऊंचं घर होतं. मी हँडल वळवलं आणि साऱ्या गावाला वळसा घालून तिला देवळाशी नेलं.