कपाळावरचा फाउल

"तुंगा, मी आहे ना! मग घाबरायचं कुणी?" हूटगळ्ळीच्या शाळेच्या मैदानावर गुंडेराव छाती पुढे काढून म्हणाले.

बावीस वर्षं बास्केटबॉलची रेफरीगिरी केलेला माणूस! तेरा वर्षांखालच्या मुलींची मॅच म्हणजे हातचा मळ! पण पुतणी तुंगाची रेफरी म्हणून ही पहिलीच मॅच, आणि समोर येलवालचे कोच येसाजीराव. गेल्या वर्षी त्यांच्या ओरडण्यानं एक नवा रेफरी हाफटाइमलाच शिट्टी टेबलावर ठेवून घरी गेला होता. ते आठवून गुंडेरावांच्या घशाखाली सकाळचं उप्पीटसुद्धा उतरलं नव्हतं. पण हे पोरीला कसं सांगायचं?

"शंका आली की माझ्याकडे बघ," ते म्हणाले. "कपाळाला हात लावला तर फाउल. कान धरला तर खेळ चालू. अष्टे, एवढंच!"

"बरं, काका."

मॅच सुरू झाली. शिट्टी तुंगाकडे, आणि गुंडेराव रेफरीचाच शर्ट घालून कडेला उभे. मार्चचं ऊन, त्यात काळजी. गुंडेरावांना घामाच्या धारा लागल्या. त्यांनी कपाळ पुसलं.

फुर्रर्र! येलवालच्या सात नंबरवर फाउल!

"अय्यो, ती तर बुटाची लेस बांधत होती!" येसाजीराव गरजले. गुंडेरावांना आणखी घाम फुटला. त्यांनी पुन्हा कपाळ पुसलं. फुर्रर्र!

"ही शिट्टी आहे की कुकर?" येसाजीराव ओरडले.

हाफटाइमपर्यंत सात नंबरवर चार फाउल! आणखी एक झाला की पोर बाहेर. तुंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मला नाही जमत. मी जाते घरी. पण तुम्ही सारखं कपाळाला हात का लावत होता?"

"अगं, तो घाम होता!"

मग गुंडेरावांनी मान खाली घातली. "चूक माझी. आता माझ्याकडे बघूच नकोस."

दुसऱ्या हाफात त्यांनी हात पाठीमागे घट्ट धरले. शेवटचे आठ सेकंद. येलवाल एका गुणानं मागे. सात नंबरनं बॉल फेकला आणि धाडकन पडली. बॉल रिंगवर आपटून बाहेर!

"फाउल! फाउल!" येसाजीराव थेट कोर्टात घुसले.

सवयीनं तुंगानं काकांकडे पाहिलं. भीतीनं त्यांचा एक हात कपाळावर, दुसरा कानावर!

तिनं मान फिरवली. "कुणाचा धक्का लागला नाही. पाय घसरला तिचा. सर, कूतकोळ्ळी! बसा, नाहीतर टेक्निकल फाउल देते!"

"हो सर, मीच घसरले," सात नंबर जमिनीवरून म्हणाली.

येसाजीराव बसले! मॅच संपली. ओठ पुसत ते तुंगापाशी आले आणि पुटपुटले, "शेवटचा कॉल बरोबर होता."

गुंडेराव बाकावर बसून अजून घाम पुसत होते. तेवढ्यात सात नंबरच्या आई, शकुंतलाबाई, ताकाची बाटली घेऊन जवळ आल्या.

"घ्या सर, थोडं प्या. नवीन असताना सगळ्यांचंच असं होतं. या तुंगामॅडमबरोबर दोन-चार मॅच केल्या ना, की येईल तुम्हाला!"