मस्कतच्या गच्चीवरचा रेडिओ

शुभाताईंच्या माहेरच्या मंडळाचं भजन कोकणातल्या एका छोट्या केंद्रावरून लागणार होतं, आणि त्यात एक कडवं त्यांनी एकटीने म्हटलं होतं. आठवडाभर त्या दुसरं काही बोलत नव्हत्या. अडचण एवढीच, की मुलुंडच्या त्यांच्या इमारतीत रेडिओ लावला की लिफ्ट, दिवे आणि चार्जर यांचीच खरखर ऐकू यायची.

मार्तंडरावांकडे यावर तोड होती. निवृत्त झाल्यापासून ते इंटरनेटवरून परमुलखातले रेडिओ ऐकत. मस्कतच्या कुणा हौशी गृहस्थाने गच्चीवर एरियल लावून आपला रेडिओ जगाला खुला ठेवला होता. घरबसल्या त्याचा काटा फिरवायचा आणि ऐकायचं. कोकणातलं केंद्र संध्याकाळी तिथे खणखणीत लागतं, हे त्यांनी तपासूनही ठेवलं. "तू फक्त हॉलमध्ये येऊन बस," त्यांनी बायकोला सांगितलं. "बाकी माझ्यावर सोड."

पण केलेली हुशारी चारचौघांना कळल्याशिवाय मार्तंडरावांना चैन पडत नसे. त्यांनी लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, खालच्या मजल्यावरच्या सापळ्यांनाही पाठवली. त्या रेडिओवर एका वेळी चारच जण बसू शकतात, हे तेवढं लिहायचं राहिलं.

कार्यक्रमाच्या तोंडावर लॅपटॉप उघडला तर जागा नाही. आत बसलेल्यांची नावं मात्र दिसत होती: कुर्ल्याचे कुंडलिकदादा, अंधेरीची भाची तेजल, तिच्या सासूबाई, आणि चौथं नुसतंच 'मुलुंड'.

तेजल फोन उचलेना. दादांनी उचलला.

"दादा, तुम्ही तो रेडिओ बंद करा ना. मला जागा मिळत नाहीये."

"तूच बोलावलंस आणि आता तूच उठवतोस होय रे?"

दादांनी कुरकुरत बंद केला. त्यांच्या शेजारी आपला मोबाइल घेऊन टपून बसलेल्या वहिनी त्याच क्षणी आत शिरल्या. आता राहिला 'मुलुंड'. हे सापळ्यांचंच काम, असं म्हणत मार्तंडराव जिने उतरून गेले. सापळे बोंबील साफ करत होते. त्यांनी लिंक उघडलीसुद्धा नव्हती.

धापा टाकत ते परत आले तोवर कार्यक्रम संपला होता. बायकोला काय तोंड दाखवायचं, या विचारात ते स्वयंपाकघरात गेले. शुभाताई ओट्याशी उभ्या होत्या. कानात इअरफोन, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर मस्कत.

"हॉलमध्ये तुमचं काहीतरी अडणार हे माहीतच होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी आधीच इथे लावून बसले. ऐकलंत ना तुम्ही? कसं वाटलं माझं कडवं?"

आपण शोधलेल्या रेडिओत आपल्यालाच जागा मिळाली नाही, हे सांगायला मार्तंडरावांची जीभ रेटेना.

"झकास," ते म्हणाले. "अंगावर काटा आला."

शुभाताईंनी सावकाश इअरफोन काढले.

"वेळ संपली म्हणून माझं कडवं लावलंच नाही त्यांनी."