कानाला ऐकू न येणारा भाग

सातपूरच्या श्रमसाफल्य कॉलनीत कोंडाजी गांगुर्डे यांच्या दारासमोरच्या गटाराचे झाकण चोरीला गेले. सोमवारी त्या गटारात भाजीची हातगाडी अडकली, मंगळवारी कोंडाजींच्या पत्नी साळूबाई. हातगाडी सुखरूप निघाली. साळूबाईंचा डावा पाय प्लास्टरमध्ये गेला. उजवा तरी वाचावा म्हणून कोंडाजी नागरी तक्रार कक्षात हजर झाले.

कागदी तक्रारींना वाळवी लागते हे सिद्ध झाल्यापासून कक्षात तक्रार आवाजातच घेतली जाते. कोंडाजींनी मोबाइलवर एक मिनिट पाच सेकंद बोलून आणले होते. पहिल्या टेबलावरच्या मयूरने फाइल पाहिली.

"बाबा, ही एम-फोर-ए आहे. आम्हाला एमपी-थ्री लागते."

"दोन्हीत फरक काय?"

"तसा काहीच नाही."

"मग हीच घ्या की."

"फरक असता तर विचार केला असता. एकसारख्या दोन गोष्टी हापिसात चालत नाहीत, घोळ होतो."

मयूरने फाइल बदलून दिली. दोन्ही प्रकार आवाज दाबून लहान करणारे. एकातून दुसऱ्यात जाताना थोडे कापले जातेच. "माणसाच्या कानाला ऐकू येत नाही तेवढंच कापतं," त्याने धीर दिला. ऐकून पाहिले, तर मागे येणारे साळूबाईंचे कण्हणे तेवढे गेले होते. तक्रार उलट स्वच्छ वाटत होती.

दुसऱ्या टेबलाला एएसी लागायची. तिथे कोंडाजींचा पत्ता गेला. तिसऱ्या टेबलाला ओजीजी. तिथे गटार गेले, आणि कोंडाजींच्या आवाजातला रागही.

"अहो, माझ्या मोबाइलात मूळची हाय ना, धडधाकट! ती घ्या!"

"तिच्यावर मागच्या टेबलांची नोंद कुठंय?" तिसऱ्या टेबलावरचे शेखर चौरे चष्म्यावरून म्हणाले. "मूळ तक्रार काय, कोणीही आणेल. प्रक्रिया झालेली पाहिजे."

प्रक्रिया झालेली फाइल कक्षप्रमुख निकिता मॅडमसमोर पोचली तेव्हा ती चार सेकंदांची होती. "नमस्कार साहेब. लय उपकार होतील. धन्यवाद."

मॅडमचे डोळे पाणावले. "किती गोड बोलता हो काका! नाहीतर लोक, येतात ते रडगाणंच घेऊन." त्यांनी प्रकरण 'अभिनंदन' या सदरात निकाली काढले आणि कक्षाला फोन करणाऱ्या प्रत्येकाला आधी हीच फाइल ऐकवावी, असा आदेशही दिला.

तेवढ्यात कोंडाजींचा मोबाइल वाजला. शेजारच्या चांगुणाबाई होत्या. "भाऊ, लवकर या! वहिनी कुबडी घेऊन दारात आल्या आन् परत गटारात गेल्या. उजवा पाय अडकलाय."

कोंडाजींनी टेबलावर मूठ आपटली. "कोणाच्या कानाला ऐकू येत नाही, नाव सांगा! आधी त्याला त्या गटारात घालतो!"

"चिडू नका काका. फाइल बदलणारं यंत्र हवेतून नाही बनवलं." मॅडमनी रजिस्टर उघडले. "मागच्या वर्षी आमची माणसं घरोघरी जाऊन कान तपासून आली. आसपासचे आवाज टिपायचे, कोणाला काय ऐकू आलं ते लिहून घ्यायचं. बहुतेकांना जे ऐकू आलं नाही, ते कापायचं. एवढंच यंत्राला शिकवलंय. ही बघा तुमची कॉलनी. चौदा नंबरचं घर. सही तुमचीच ना?"

सही त्यांचीच होती. आवाज क्रमांक सहा: चांगुणाबाई, शेजारीण, अकरा सेकंद. 'आमच्या दारात लाइटची तार तुटून पडलीय, कोणीतरी या हो.' पुढे कोंडाजींच्या अक्षरात: ऐकू आले नाही. आवाज क्रमांक सात: दोन गल्ल्या पलीकडे वाढदिवसाच्या जेवणाची पाने मांडली जात आहेत. पुढे: अगदी स्पष्ट.

कोंडाजी रिक्षा करून घरी पोचले. गल्लीतली सगळी दारे बंद होती. चांगुणाबाई एकट्याच गुडघ्यांवर बसून साळूबाईंचा दंड धरून होत्या.

कक्षाच्या खुलाशानुसार पाहणी एका कॉलनीपुरती नव्हती. नमुन्यात आपलाही कान आहे. शंका असल्यास तपासून पाहावे: हे वाचायला घेतल्यापासून आतल्या खोलीतून आपल्याला दोनदा हाक मारली गेली आहे.