पाठीमागचा झाडू

आमच्या घरून कोणी गावाला निघालं, की त्याचा दुसरा पाय उंबऱ्याबाहेर पडायच्या आत कामाला येणाऱ्या बेबीबाईंचा झाडू त्याच्या मागे फिरायला लागतो. फाटकाशी "येतो बरं", "सांभाळून जा", "पोचल्यावर फोन कर" असं चाललेलं असतं आणि आतून खर्र खर्र आवाज येत असतो. जाणारा वळून बघतो. आम्ही ओशाळून हसतो. बेबीबाई मात्र पदर खोचून, पाहुणा कधी जातो याचीच वाट बघत असल्यासारख्या उत्साहाने बैठक झाडत असतात.

कोणी गावाला गेल्यावर त्याच्या पाठोपाठ घर झाडू नये, हे शेंबडं पोरही सांगेल. लगेच झाडतात ते फक्त घरातून माणूस कायमचा नेल्यावर. ही रीत बेबीबाईंना ठाऊक नाही असंही नाही. बाकी सगळ्या रीती त्यांना तोंडपाठ आहेत. दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकू देणार नाहीत, झाडू उभा ठेवू देणार नाहीत, चुकून पाय लागला तर मला त्याला नमस्कार करायला लावतील. पण माणूस निघाला रे निघाला, की यांच्या अंगात येतं.

माझ्या मोठ्या नणंदबाई अमरावतीला असतात. पहिल्यांदा त्यांनी तो आवाज ऐकला तेव्हा त्या फाटकातून तणतणत परत आल्या. "काहून वं, मी काय मेली का? जिती हाव अजून!" म्हणाल्या आणि अपशकुन मोडायला सोफ्यावर जाऊन बसल्या. पाणी प्यायल्या, गुळाचा खडा खाल्ला आणि पुन्हा निघाल्या. पुन्हा मागून खर्र. पुन्हा परत. शेवटी माझ्या नवऱ्याने बेबीबाईंना गच्चीवर कपडे आणायला पाठवलं आणि तेवढ्यात बहिणीला ऑटोत कोंबलं. ऑटो सुरू झाला आणि वर गच्चीवरून झाडल्याचा आवाज यायला लागला.

आता नणंदबाई परत येणार नाहीत असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, थोडी आशाही होती. पण त्या पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागल्या. कधी दाताच्या डॉक्टरकडे, कधी कोणाच्या साखरपुड्याला, कधी नुसत्याच. हे गौडबंगाल मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं.

बेबीबाई कामाचं विचारायला आल्या तेव्हा प्रश्न त्यांनीच विचारले होते. आधी झाडू दाखवा म्हणाल्या. तो दाराआड उभा बघून त्यांनी जीभ चावली, आडवा केला आणि मग माझ्याकडे वळल्या.

"घरी किती लोकं?"

"आम्ही दोघं. मुलगा बंगलोरला असतो."

"येणं-जाणं?"

"येतात पाहुणे अधूनमधून."

"येतात ते राहू द्या ताई. जातात कवा, ते सांगा."

पाहुण्यांमुळे काम वाढतं म्हणून विचारत असतील, असं मी समजले. मग त्यांनी फरशीवर बोट फिरवलं, ते उजेडात धरलं आणि हसल्या. "ही कायची धूळ ताई? धूळ पाहाची तं कोराडीले पाहा. सकाळी झाडलं का दुपारी चटईवर नाव लिहून घ्या." त्या पूर्वी कोराडीला राहायच्या, वीज केंद्राच्या बाजूच्या वस्तीत. तिथल्या राखेचा त्यांना असा अभिमान होता, की आमच्या नंदनवन भागातल्या धुळीला त्या धूळ मानायलाच तयार नव्हत्या. उन्हाळ्यात धुळीचं वादळ येऊन पलंगावरच्या चादरीचा रंग बदलला, तरी "कोराडीपुढं काईच नाई" एवढंच प्रशस्तिपत्र मिळायचं.

इथवर सगळं ठीक होतं. कोराडीच्या राखेबद्दल मत्सर वाटून घ्यायचं मला काही कारण नव्हतं. मत्सर वाटला तो बगीच्यावाल्या ताईंचा.

मागच्या गल्लीत बागेसमोर एक घर आहे. बेबीबाई सकाळी आधी तिथे जातात, मग आमच्याकडे येतात. आधी तिथे, हे एक. येताना तिथल्या बातम्या घेऊन येतात, हे दुसरं. "बगीच्यावाल्या ताई पोछ्याच्या पाण्यात कापूर टाकतात." मीही टाकायला लागले. घरात शिरताच नवऱ्याने विचारलं, "आज कोणती पूजा आहे?" "बगीच्यावाल्या ताईकडे टिकल्या आरशाले चिकटून नाई राहत." त्या दुपारी मी सुरी घेऊन न्हाणीघरातल्या आरशावरच्या टिकल्या खरवडत बसले. "बगीच्यावाल्या ताईच्या चहात गवती चहा राहते." मी गवती चहाची कुंडी आणली. पहिला कप बेबीबाईंच्या हातात देऊन समोर उभी राहिले, परीक्षेच्या निकालाला राहतात तशी. त्या घोट घेऊन म्हणाल्या, "चांगला हाये." आणि मग थोडं थांबून, "त्या अद्रकही टाकतात."

एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी दोन दुकानं पालथी घालून मोरपंखी साडी आणली. ती साडी त्यांनी पहिल्यांदा नेसली बगीच्यावाल्या ताईंच्या सत्यनारायणाला. मला ते त्यांनी कौतुकानं सांगितलं. "सगळ्या बाया इचारत होत्या, कुठून घेतली." माझं नाव सांगितलं का, हे विचारायचं मी टाळलं आणि मग दिवसभर तेच डोक्यात घेऊन फिरले.

संध्याकाळी फिरायला जाताना माझी पावलं आपोआप मागच्या गल्लीत वळू लागली. त्यांचा व्हरांडा मी फाटकाबाहेरून डोळे बारीक करून न्याहाळायची. तो आमच्या व्हरांड्यापेक्षा जास्त चमकायचा. बाई तीच, हात तेच, मग तिथे जास्त कसा चमकतो? नवरा म्हणाला, "अगं, त्यांची फरशी ग्रॅनाइटची आहे." मी त्याच्याशी घरी पोचेपर्यंत बोलले नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, "लग्नाआधी माझ्यावरून तरी एवढी जळली होतीस का कोणावर?" नव्हते जळले. त्याच्यावर डोळा ठेवणारं कोणी नव्हतंच.

पण खरा घाव बसला तो एका सकाळी. बेबीबाई लवकर आल्या म्हणून मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "आज तिथं काम नाई ना. त्या ताईचे साहेब मुंबईले गेले. कोणी गावाले निघालं का त्या दिवशी तिथं मी झाडूले हात नाई लावत."

मी हातातली भाजी खाली ठेवली. म्हणजे रीत माहीत आहे, पाळताही येते. तिथे पाळायची आणि आमच्या माणसांच्या मागे मात्र ते फाटकाला पोचायच्या आत झाडून मोकळं व्हायचं! त्यांच्या माणसांनी सुखरूप परत यावं आणि आमची गेली ती गेली! इतका राग आला की मी दिवसभर गॅसशी भांडत स्वयंपाक केला. विचारायचं धाडस मात्र झालं नाही. विचारलं आणि बेबीबाई काम सोडून गेल्या, तर पूर्ण वेळ बगीच्यावाल्या ताईंच्याच होतील, ही भीती.

आणि अशातच माझ्या मुलाचं, निखिलचं, जर्मनीला जायचं ठरलं.

काही वर्षांसाठीच, असं तो म्हणत होता. सगळेच तसं म्हणतात. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांतली मुलं काही वर्षांसाठीच गेलेली आहेत. दिवाळी करून तो निघणार होता. फराळाचे डबे भरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: याच्या मागे झाडू फिरता कामा नये. बाकीच्या वेळी मी हसून सोडलं होतं. या वेळी नाही. हसू नका, पण आई झालेल्या माणसाची अक्कल अशा वेळी वेगळ्या रस्त्यानं जाते. निघायच्या दिवशी सकाळीच मी घरातले सगळे झाडू गोळा केले. लक्ष्मीपूजनाचा हळदकुंकू लावलेला नवा, मोरीतला जुना, अंगणातला खराटा. सगळे गच्चीवर नेऊन झाकून ठेवलेल्या कूलरच्या पोटात घातले आणि वरून ताडपत्री बांधली.

दुपारी निखिल निघाला. त्याच्या हातावर दही ठेवलं. बुटाच्या नाड्या बांधताना त्याने दाराशी बसकण मारली, तसा तो शाळेत जाताना मारायचा. बाप विमानतळापर्यंत सोडायला गेला. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत उभी होते आणि कान आत होते. आवाज नाही. मी मनात म्हटलं, जिंकले.

आत आले तर बेबीबाई दाराशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. मी दिलेली मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. आणि निखिल जिथे नाड्या बांधत बसला होता, तिथली धूळ त्या साडीच्या पदरानं गोळा करत होत्या.

"बेबीबाई! हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"झाडू कुठी ठेवला ताई? सारं घर पाह्यलं."

"मी लपवला."

"काहून?"

"काहून म्हणजे? माझा एकुलता एक पोरगा गेलाय. बगीच्यावाल्या ताईंकडे हात लावत नाही तुम्ही झाडूला. आमच्याच माणसांनी काय केलंय तुमचं?" माझा आवाज चिरकला आणि मी तिथेच खाली बसले.

बेबीबाई गुडघ्यांवरून उठल्या. मग सोफ्याला पाठ टेकून बसल्या.

"त्या ताईनं मले पयल्याच दिवशी सांगतलं, कोणी गेलं का झाडाचं नाई. बरं म्हटलं. त्यायचं घर, त्यायची माणसं. सांगतल्यापरमानं काम करतो मी तिथं."

"आणि इथे?"

त्या पदरावरची धूळ चिमटीत धरून बसल्या होत्या.

"माहा नवरा कोराडीले कोयशाच्या ट्रकवर होता. एक दिवस रायपूरकडे निघाला. येतो म्हणे लवकर. मी झाडलं नाई. दुसऱ्या दिवशी बी नाई झाडलं. शेजारीण म्हणे, आता तं झाड वं. मी म्हटलं, येऊ दे त्याले, मंग झाडतो. अन् कोराडीची राख ताई. खिडकीतून येते, छपराच्या कवेलूतून येते. दाराशी त्याच्या चपलेचे निशाण होते, ते बी राखेखाली बुजले. घरात चाललं का पाय उमटे. लोकं हसत. मी नाई झाडलं."

"काही झालं होतं का त्यांना?"

"काई नाई झालं. तिकडंच घर केलं त्यानं, दुसरीसंगं. मजेत हाये." त्या हसल्या. "मेला असता तं त्याच दिवशी झाडलं असतं ना ताई. जिता होता, म्हणून थांबली."

त्यांनी चिमटीतली धूळ पुन्हा पदरावर टाकली.

"तवापासून मी म्हटलं, रीत पाळून माणूस वापस नाई आला. आता उलटं करून पाहाचं. जो वापस आला पायजे, त्याच्या मागं लगेच झाडाचं. पाहा ना, तुमची नणंद येते का नाई घडीघडी? तिच्या मागं तं मी जोर लावून झाडतो."

नणंदबाईंचं गौडबंगाल असं उलगडलं. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि या दोन्हींच्या आधी, देवाशपथ सांगते, मनात आलं की बगीच्यावाल्या ताईंच्या माणसांच्या मागे हे होत नाही. तिथे त्या नुसतं सांगितल्याप्रमाणे काम करतात. एवढा थंडावा माझ्या जिवाला पूर्वी कधी मिळाला नव्हता. मी गच्चीवर गेले, ताडपत्री सोडली आणि लक्ष्मीपूजनाचा नवा झाडू आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बैठक कोपऱ्यांसकट झाडली, मग व्हरांडा, मग फाटकापर्यंतचा रस्ता. निखिल तोवर विमानतळावर पोचलाही नसेल.

त्यानंतर हिवाळ्यात बेबीबाईंच्या बहिणीकडे, गावाला लग्न निघालं. निघायच्या सकाळी त्या आधी बगीच्यावाल्या ताईंना सांगून आल्या आणि मग आमच्याकडे आल्या. आधी तिथे! सवयीनं मला टोचलंच. मग लक्षात आलं की बसला जाताना माणूस निघतो ते शेवटच्या घरून, आणि शेवटचं घर आमचं होतं.

मी त्यांच्या हातावर दही ठेवलं. गवती चहाचा चहा दिला, अद्रक टाकून. त्यांनी पिशवी उचलली, "येतो ताई" म्हणाल्या आणि उंबरा ओलांडला.

झाडू मी दाराआड ठेवलेलाच होता. आडवा. पदर खोचला आणि सुरुवात केली. माझ्या कमरेला वाकायची सवय नाही, पण मी जोर लावला.

फाटकाची कडी वाजता वाजता थांबली. मी खिडकीतून पाहिलं. बेबीबाई कडीवर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. पदराचं टोक डोळ्यांकडे गेलं आणि खाली आलं. मग मागे वळून न बघताच त्या ओरडल्या,

"सोफ्याखालचं राह्यलं वं ताई! तिथंबी मारा!"

मी सोफा सरकवला.